निळ्या चिठ्ठीवरची सही

एकेचाळीस दिवस ती निळी चिठ्ठी आदेलिनोच्या खणात पडून होती, आणि एकेचाळीस दिवस ओलिंदा भांडण न काढता मूग गिळून बसली होती. तिच्या स्वभावाला ते किती जड गेलं असेल ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. ईस्टरच्या सकाळी चर्चमधून आल्या आल्या तिने कोकराच्या मांसाचा थाळा ओव्हनमध्ये सरकवला, बटाटे सोलायला घेतले आणि म्हणाली, "आज याचा काय तो निकाल लावायचा." तिची थोरली मुलगी लुर्देस शेजारीच उभी राहून कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही, आणि कशाचा निकाल हेही विचारलं नाही.

फेब्रुवारीत गव्हर्नरने राज्याच्या कामगार आयुक्तपदासाठी लुर्देसचं नाव जाहीर केलं, त्या दिवशी वेलफोर्डच्या पोर्तुगीज क्लबात लोकांनी ओलिंदाला मिठ्या मारमारून बेजार केलं होतं. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात एकवीस वर्षं घड्या घालणाऱ्या बाईची पोर, आता राज्यातल्या झाडून सगळ्या कारखान्यांवर तपासनीस धाडणार! पण गव्हर्नरने नुसतं नाव घेऊन भागत नाही. राज्याच्या सिनेटची मान्यता लागते, आणि सिनेटच्या समितीसमोर नाव जाण्याआधी उमेदवार ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहतो तिथल्या सिनेटरला एका निळ्या चिठ्ठीवर सही करावी लागते. कायद्यात हे कुठेही लिहिलेलं नाही. रीत आहे. सही नाही तर सुनावणी नाही, आणि सही का केली नाहीस असं त्याला कोणी विचारायचं नाही, कारण विचारणाऱ्यालाही उद्या स्वतःच्या काउंटीत तेच करायचं असतं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे चाळीसच्या चाळीस सिनेटर या एका बाबतीत अळीमिळी गुपचिळी.

आणि ओलिंदाच्या काउंटीचा सिनेटर कोण, तर तिचा सख्खा दीर, आदेलिनो. म्हणूनच तर सगळ्यांना वाटलं होतं की काम घरचंच आहे, सही दुसऱ्या दिवशी होईल. दुसरा दिवस गेला, दुसरा आठवडा गेला, दुसरा महिना लागला. परवा मंगळवारी सकाळी दहाला समिती बसणार होती. त्यानंतर अर्थसंकल्पाची धावपळ, मग उन्हाळ्याची सुटी. गव्हर्नरच्या कायदा सल्लागाराने, केस्लरने, लुर्देसला साफ सांगून टाकलं होतं की मंगळवारी तुमचं नाव पुढे आलं नाही तर बुधवारी आम्ही दुसरं पाठवू.

एवढं सगळं होऊन आदेलिनो फोनवर काय म्हणत होता, तर "बघतो ना, वहिनी. घाई कसली?" घाई कसली म्हणे! चौदा वर्षांचा असताना एक पेटी आणि नाकाला सर्दी घेऊन तो पोर्तुगालमधल्या गावाहून या घरात आला, तेव्हा ओलिंदा बावीस वर्षांची होती, लग्नाला चार महिने झाले होते. त्याच्या शाळेचे डबे तिने केले, त्याच्या पहिल्या निवडणुकीची पत्रकं तिने दारोदार वाटली, तीही कारखान्यातून आठ तास उभं राहून आल्यावर. आणि आता हा तिच्या पोरीला दारात तिष्ठत ठेवणार.

दीडच्या सुमाराला त्याची गाडी आली. सोबत बायको सेलेस्त. पाठोपाठ ओलिंदाचा धाकटा, नेल्सन, वाईनच्या दोन बाटल्या घेऊन. नेल्सन काउंटीच्या रस्ते खात्यात मुकादम होता. ती नोकरी काकांच्या शब्दावर लागलेली, याची त्याला कोणी आठवण करून द्यावी लागत नसे. काकांच्या गाडीचं दार त्यानेच उघडलं.

आदेलिनोच्या हातात अंडी घातलेला गोड पाव होता. तो लुर्देसचा धर्मपिता, तिच्या बाप्तिस्म्याला उभा राहिलेला. आदल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, रीतीप्रमाणे लुर्देस त्याला ऑलिव्हची डहाळी देऊन आली होती, आणि ईस्टरला धर्मपित्याने पाव आणायचा, हे पंचेचाळीस वर्षं एकदाही चुकलं नव्हतं. नेल्सन म्हणाला, "काका, यंदा पावात अंड्याऐवजी चिठ्ठी घालून आणायचीत." सगळ्यात मोठ्याने आदेलिनोच हसला. ओलिंदाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. रीती पाळायला हा पुढे, आणि ज्या रीतीने पोरीचं भलं व्हायचं ती नेमकी याच्या खणात बंद.

जेवण सुरू झालं. आदेलिनो दोनदा मांस वाढून घेऊन, क्लबाच्या नव्या छताबद्दल आणि गावाकडच्या ऑलिव्हच्या भावाबद्दल बोलत राहिला. सेलेस्त नेहमीप्रमाणे कमी बोलत होती. बटाट्याचा एक तुकडा लुर्देस ताटात या कडेपासून त्या कडेपर्यंत ढकलत होती, आणि ओलिंदाला वाटलं, भीतीने बिचारीची भूक मेली आहे. शेवटी तिच्याने राहवेना. तिने काटा खाली ठेवला.

"आदेलिनो, तुझ्यापुढे पदर पसरायला लावायचाय का मला? तसं सांग, पसरते."

"वहिनी, जेवताना कशाला?"

"मग केव्हा? बुधवारी?"

नेल्सन म्हणाला, "आई, काकांच्या डोक्यात काहीतरी असेल ना." ओलिंदाने त्याला नजरेनेच खाली बसवलं. मग ती दिराला म्हणाली की काय खुपलं असेल ते तोंडाने बोल. गेल्या वर्षी लुर्देसने काउंटीच्या ठेकेदारावर मजुरांची वकील म्हणून दावा लावला त्याचा राग आहे का? असेल तर ती माफी मागेल. तुझ्या पक्षाच्या जेवणाला ती आली नाही याचा आहे का? पुढच्या वेळी दोन तास आधी येऊन खुर्च्या लावेल. लुर्देसने हे ऐकून आईकडे पाहिलं.

आदेलिनोने तोंड पुसलं. कोटाच्या आतल्या खिशातून त्याने एक घडी केलेला निळा कागद काढला आणि ताटाशेजारी ठेवला. ओलिंदाने हा कागद आजवर पाहिला नव्हता. एवढीशी चिठ्ठी होती. लुर्देसचं नाव, खाली याच घराचा पत्ता, त्याखाली सहीची रेघ.

"राग कसला धरायचाय मला," तो म्हणाला. "माझ्या मांडीवर वाढलीय ती. मी आज सही करायच्या तयारीनेच आलोय. एक छोटी गोष्ट आहे, ती लुर्देसला माहीत आहे. तिने हो म्हणावं, एवढीच वाट बघतोय."

ओलिंदा लेकीकडे वळली. "कसली गोष्ट?"

लुर्देस पाणी प्यायली. मग ताटाकडे बघत म्हणाली, "उपायुक्त कोणाला नेमायचं, ते आयुक्ताच्या हातात असतं. त्याला सिनेट लागत नाही. तपासणी खातं उपायुक्ताकडे असतं. काकांना तिथे त्यांचा माणूस हवाय."

"मग नेमावा की. कोण आहे?"

नेल्सनने वाईन ओतून घेतली. सेलेस्त हातातली अंगठी फिरवत राहिली. शेवटी आदेलिनोच म्हणाला, आणि आवाज असा काढला की जणू शेजारच्या कुणाचं नाव सांगतोय. "रे हॅलोरन."

ओलिंदाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग कळलं, ऐकलं ते बरोबरच आहे. या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला हे नाव आधीच ठाऊक होतं, फक्त तिला सोडून.

अठरा वर्षांपूर्वी त्या कारखान्यात चादरी वाळवणाऱ्या यंत्रात तिचा नवरा अमांदियो ओढला गेला. यंत्राच्या तोंडाला लोखंडी जाळीचं दार असायला हवं होतं, ते उघडलं की यंत्र आपोआप थांबावं म्हणून. कामाचा वेग कमी होतो म्हणून मालकाने ते वर्षभरापूर्वीच काढून ठेवलं होतं. अडकलेली चादर सोडवायला अमांदियो आत वाकला. आणि त्याच्या तीन आठवडे आधी सरकारी तपासनिसाने कागदावर लिहून दिलं होतं: दार जागेवर, चालू स्थितीत. तो तपासनीस म्हणजे रे हॅलोरन. त्या दिवशी तो यंत्राजवळ फिरकलाच नव्हता. मालकाच्या ऑफिसात कॉफी प्याला, सही केली, गेला. ओलिंदाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, कारण तिचं घड्या घालायचं टेबल ऑफिसच्या काचेसमोरच होतं.

चौकशी लागली तेव्हा ती साक्ष द्यायला निघाली होती. आदेलिनोने अडवलं. तेव्हा तो नुकता वेलफोर्डच्या कौन्सिलवर निवडून आलेला. तो म्हणाला होता, वहिनी, कारखान्यात आपली दोनशे माणसं आहेत, टाळं लागलं तर जातील कुठे? दादा तर परत यायचा नाही. ओलिंदाने ऐकलं. नवऱ्याला पुरून दहा दिवस झाले होते, डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि घरात पुरुष म्हणून मोठा तोच उरला होता. ती गप्प बसली. चौकशीत हॅलोरनला साधी ताकीद मिळाली. त्या गप्प बसण्याबद्दल तिने स्वतःला एक दिवसही माफ केलं नव्हतं.

"तुला माहीत होतं," ती लुर्देसला म्हणाली.

"तीन आठवडे झाले."

"आणि माझ्याशेजारी उभी राहून सकाळपासून कांदे चिरतेस!"

"तुला सांगितलं असतं तर हेच झालं असतं, आई."

"म्हणजे तू नाही म्हणाली नाहीस."

लुर्देसने पहिल्यांदा आईच्या डोळ्यांत पाहिलं. ती थकलेली होती, पण घाबरलेली नव्हती. ओलिंदाने इतका वेळ जिला भीती समजलं होतं ती भीती नव्हतीच. लुर्देस शांतपणे म्हणाली की आज मी हो म्हणणार आहे. राज्यात एक लाख कारखाने आहेत आणि तपासनीस बासष्ट. मी गेले तर ते दोनशे करेन. हॅलोरनच्या डोक्यावर मी असेन, त्याची एकही सही माझ्या सहीशिवाय बाहेर पडणार नाही, आणि दोन वर्षांत तो निवृत्त होईल. मी नाही गेले तर जो कोणी जाईल त्याला हे यंत्र म्हणजे काय, जाळी म्हणजे काय, काही ठाऊक नसेल. "एका हॅलोरनपायी ते सगळं सोडू?"

नेल्सनला जोर चढला. तो म्हणाला, ताईचं बरोबर आहे, जग असंच चालतं, आणि दोन वर्षांनी म्हातारा घरीच बसणार आहे. ओलिंदाने त्याला विचारलं, "तुझ्या बापाला कोणी मारलं, ठाऊक आहे ना?" नेल्सन म्हणाला, "यंत्राने, आई." त्या एका शब्दापायी तिने त्याला आयुष्यात पहिल्यांदा थोबाडीत मारली असती, पण मधे टेबल होतं.

आदेलिनो आता समजुतीच्या सुरात आला. हॅलोरन त्याच्या वॉर्डात पक्षाचा प्रमुख आहे, वीस वर्षं इमानदारीने काम करतोय, त्याला शब्द दिलाय, जूनमध्ये पक्षाची आतली निवडणूक आहे आणि त्याच्या वॉर्डाशिवाय आपण पडू. आपण पडलो तर काउंटीत पोर्तुगीज माणसाला विचारतो कोण? "तुम्हाला काय वाटतं, मला त्याचं तोंड बघायला आवडतं? राजकारणात नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, वहिनी. माझंही दाबलेलंच आहे."

"तुझं नाक दाबलं तर तू माझ्या पोरीचं दाबणार. छान!"

"दरवर्षी नाताळला हॅम घेऊन येतो तो आमच्याकडे," सेलेस्त अचानक म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती नवऱ्याकडे न बघता बोलत होती. "अठरा वर्षं. मी घेते आणि चर्चच्या अन्नछत्रात देऊन टाकते. कधी घरात शिजवलं नाही. दादांची शपथ."

"सेलेस्त, तू यात पडू नकोस."

"पडले. इतकी वर्षं नाही पडले, तेच चुकलं."

लुर्देसने हात वर करून दोघांना थांबवलं. काका, सही करा, ती म्हणाली. हॅलोरन घेते मी. आदेलिनोने लगेच पेन काढलं, कागद उलगडला आणि कोकराची हाडं पडलेल्या ताटाशेजारी सही ठोकली. सगळं मिळून चार सेकंद लागले. एकेचाळीस दिवस ज्याच्यासाठी लोक झुरत होते ते काम चार सेकंदांचं होतं. नेल्सनने पेला उचलला, पण त्याच्याबरोबर कोणीच उचलला नाही म्हणून परत ठेवला.

ओलिंदाने तो कागद पुढे ओढला आणि चष्मा लावून वाचला. मग पत्त्यावर बोट ठेवलं.

"ही इथे राहत नाही," ती म्हणाली.

नदीपलीकडे, शेजारच्या काउंटीत, कोर्टाजवळ लुर्देसचा फ्लॅट होता. सहा वर्षं झाली होती तिला तिथे राहायला जाऊन. पण ड्रायव्हिंगचा परवाना, मतदार यादी, सगळे कागद अजून आईच्या घरच्या पत्त्यावर. आणि हे कोणाचं डोकं? ओलिंदाचंच. पोर निघाली तेव्हा तिने हट्ट धरला होता की पत्ता बदलायचा नाही. काका सिनेटर आहे, उद्या तुझं काही काम निघालं तर घरचा माणूस कामाला येईल, नदीपलीकडे कोण आहे आपलं? दर निवडणुकीला लुर्देस गाडी घेऊन यायची, चर्चच्या तळघरात मत द्यायची आणि आईकडे जेवून जायची. अर्ध्या वेलफोर्डची पोरं असंच करत. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. गव्हर्नरच्या फॉर्मवरही तिने हाच पत्ता शपथेवर लिहिला होता, कारण बाकीच्या सगळ्या कागदांवर तोच होता. पोरीला ज्या चिमट्यात आज पकडलं होतं, तो चिमटा आईनेच मोठ्या प्रेमाने करून दिला होता.

"नदीपलीकडची सिनेटर कोण?" ओलिंदाने विचारलं.

"व्हिटकम बाई," सेलेस्त म्हणाली. "रिटायर्ड मास्तरीण. याच्या-तिच्यामधून विस्तव जात नाही. एका तासात सही करेल."

"झालं तर मग. खरा पत्ता सांगायचा आणि तिची सही घ्यायची. ना हा लागतो, ना हॅलोरन."

लुर्देसने डोळे मिटले. आई, ते इतकं सोपं नाही, ती म्हणाली. सहा वर्षांत चार वेळा मी इथून मत दिलंय. फॉर्म शपथेवर भरलाय. आज मी पत्ता चुकला म्हणाले तर पहिला प्रश्न हाच येईल की मग मतं कशी दिलीस. वर्तमानपत्रं फाडून खातील. कामगार आयुक्त होणार आणि स्वतःचं घर कुठे ते खरं सांगत नाही! माझी वकिलीही धोक्यात येईल.

आदेलिनोने मान डोलावली. "बरोबर बोलतेय ती. आणि मला विचारलं तर मलाही सांगावं लागेल की मला याची कल्पना नव्हती."

"नव्हती?" सेलेस्तचा आवाज चढला. "हिने फ्लॅट घेतला त्या जेवणाला तूच म्हणालास ना, एकही मत नदीपलीकडे जाऊ द्यायचं नाही? मी तिथे बसले होते, आदेलिनो. कोणी विचारलं तर मी सांगेन."

आदेलिनो बायकोकडे बघतच राहिला. चाळीस वर्षांच्या संसारात तिने चारचौघांत त्याचा शब्द खोडला नव्हता. नेल्सनने खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला की मी जरा बाहेर जाऊन येतो. ओलिंदा म्हणाली, "बस. तुझंही मत याच घराच्या पत्त्यावरून जातं." तो बसला.

मग ती लेकीकडे वळली. आता तिचा आवाज उंच नव्हता. "मंगळवारी समितीसमोर कोणालाही बोलता येतं ना? नाव नोंदवायचं, माईकसमोर जायचं?"

"येतं."

"मी येणार. पहिल्या बसने येणार. हॅलोरनने त्या दिवशी काय केलं ते सांगणार, त्याला आत घ्यायच्या अटीवर ही सही झाली ते सांगणार, आणि माझी मुलगी माझ्या घरात राहत नाही हेही सांगणार. माझं नाव, माझा पत्ता, मी शपथ घ्यायला तयार आहे."

"आई, माझं वाटोळं होईल."

"व्हिटकम बाई सही करेल."

"आणि नाही केली तर?"

"नाही तर नाही. गेलं तर गेलं पद."

"तुझं नाही ते! तुला काय जातंय गेलं म्हणायला?"

ओलिंदाने बोललेलं मागे घेतलं नाही. आई पोकळ धमकी देत नाही, हे लुर्देसला जन्मापासून माहीत होतं. आई माईकसमोर उभी राहणार म्हणजे राहणार. आणि त्याच सभागृहात, हात वर करून शपथ घेऊन, लुर्देसला म्हणावं लागणार की मी वेलफोर्डमध्ये राहते. ते तिच्याने होणार नव्हतं. हिशेब एवढाच होता, आणि तिने तो तिथल्या तिथे केला. पर्समधून फोन काढला.

"कोणाला करतेस?" आदेलिनो अर्धा उठला.

"केस्लरला. तुझ्या आधी मी सांगते, आई. निदान माझ्या तोंडून कळू दे."

केस्लरने तिला उद्या संध्याकाळपर्यंत कधीही फोन करा म्हणून सांगितलं होतं. ईस्टर असूनही त्याने लगेच उचलला. ओलिंदाला फक्त लुर्देसची बाजू ऐकू येत होती. ती कोर्टात बोलतात तशी एकेक वाक्य तोलून बोलत होती. माझ्या फॉर्मवरचा पत्ता चुकीचा आहे. सहा वर्षं. हो, शेजारच्या काउंटीत. हो, मतदान केलंय. चार वेळा. नाही, कोणी जबरदस्ती केली नाही, माझी मी केली. मग ती बराच वेळ नुसती ऐकत होती. ओलिंदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती, एखादी सैल पडलेली रेघ, काहीही. मनात म्हणत होती, व्हिटकम बाईचं नाव काढ, अगं, तिचं नाव काढ. लुर्देसने काढलं. पलीकडून जे काही आलं ते थोडक्यात होतं. "समजलं," लुर्देस म्हणाली, "आभारी आहे," आणि फोन उपडा करून टेबलावर ठेवला.

"नाव मागे घेतायत. आजच. मी तब्येतीचं कारण लिहून द्यायचं म्हणजे बाकीचं बाहेर येणार नाही."

सेलेस्तने जावेच्या पाठीवर हात ठेवला, तो ओलिंदाला जाणवलासुद्धा नाही. इतक्या सहज जाईल असं तिला वाटलं नव्हतं. तोंडाने ती गेलं तर गेलं म्हणाली होती, पण आतून तिची खात्री होती की खरं सांगितलं की पुढचा रस्ता कुठून तरी निघतोच.

आदेलिनो उठला. सही केलेली चिठ्ठी त्याने उचलली, बघितली आणि पुन्हा टेबलावर टाकली. त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि ओलिंदाला दिसलं की तोही मनापासून चिडला आहे, नुसता हरला म्हणून नाही. "हट्टापायी पोरीचं वाटोळं केलंत, वहिनी," तो म्हणाला. "आणि मिळवलंत काय? बुधवारी दुसरं नाव येईल. दुसऱ्या काउंटीचं. तिथल्या सिनेटरला माझ्याकडून काहीतरी हवं असेलच. हॅलोरन जाईल, तो काही राहत नाही. फक्त तिथे त्याच्या डोक्यावर ही नसेल."

"केलं," ओलिंदा म्हणाली. "वाटोळं केलं. अठरा वर्षांपूर्वी गप्प बसून एक केलं, ते तुझ्या सांगण्यावरून. आज दुसरं केलं, ते माझ्या मनाने. जाऊ दे तुझा हॅलोरन त्या खुर्चीत. माझ्या पोरीच्या सहीने नाही जाणार."

बोलताना तिला वाटलं होतं की लुर्देस निदान या वाक्याला तरी मान वर करेल. लुर्देसने केली. ती रडत नव्हती. पर्स खांद्याला लावून ती उभी राहिली आणि आईच्या इतक्या जवळ आली की ओलिंदाला तिच्या हाताला येणारा कांद्याचा वास आला.

"ती सही माझी होती, आई. करायची की नाही, ते मी ठरवणार होते. काकांनी एकेचाळीस दिवस जे केलं, तेच तू पाच मिनिटांत केलंस. त्यांनी निदान मला विचारलं तरी होतं."

लुर्देस दारापाशी गेली. ओलिंदाजवळ दिराला द्यायला उत्तरं होती, मुलाला द्यायला होती, त्या मेल्या हॅलोरनला द्यायला तर अठरा वर्षांची साठलेली होती. लुर्देस थांबली होती, खरंच थांबली होती, दाराच्या मुठीवर हात ठेवून. मग ती गेली.